पडता चंद्र, पडून राहिलेला माणूस

१९ मार्च २०२५ च्या पहाटे सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांची कुपी समुद्रात उतरली, तेव्हा आपल्याकडे कित्येक घरांत टीव्ही सुरू होते. आठवड्याभरासाठी म्हणून गेलेली माणसे २८६ दिवसांनी परत येत होती. कुपीचे दार उघडले, एकेकाला धरून बाहेर घेतले आणि स्ट्रेचरवर बसवून नेले. चेहऱ्यावर हसू, हात हलवणे, सगळे होते. फक्त स्वतःच्या पायांनी चालत जाणे नव्हते. त्या दिवशी आणि पुढे आठवडाभर एक वाक्य सतत कानावर पडत राहिले : नऊ महिने ही माणसे गुरुत्वाकर्षण नसलेल्या जागेत होती, म्हणून त्यांचे स्नायू आणि हाडे कमजोर झाली.

या वाक्याचा उत्तरार्ध बरोबर आहे. पूर्वार्ध साफ चूक आहे. आणि ही चूक केवळ भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने लाल शाईने खूण करावी एवढ्यापुरती नाही. तिचा संबंध घरातल्या खाटेवर महिनोन्‌महिने निजवून ठेवलेल्या आजी-आजोबांशी आहे. पण तिथे पोचायला जरा वळसा घ्यावा लागेल, चंद्रावरून.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. म्हणजे साधारण मुंबईहून रस्त्याने कोल्हापूर जितके लांब, तितकेच, फक्त सरळ वर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. एवढ्या मोठ्या गोळ्यापासून ४०० किलोमीटर वर गेल्याने त्याची ओढ संपते, असे कसे होईल? ती कमी होते, पण किती? जमिनीवर जितकी असते त्याच्या सुमारे ८९ टक्के तिथेही शिल्लक असते. समजा ४०० किलोमीटर उंचीचा मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवला, तर जमिनीवर ६० किलो भरणारा माणूस तिथे ५३ किलो भरेल. तरंगणार मुळीच नाही. मनोऱ्यावरून पाय घसरला तर सरळ खाली येईल.

मग त्याच उंचीवर स्थानकातली माणसे तरंगतात कशी? ती तरंगत नाहीत, पडत असतात. जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली यायला लागला की पोटात गोळा येतो, बाकावरचा भार क्षणभर हलका होतो. तो क्षण संपलाच नाही तर काय होईल, ते म्हणजे अवकाश स्थानक. स्थानक पडते आहे, त्यातली माणसे पडत आहेत, त्यांच्या हातातला पाण्याचा थेंबही पडतो आहे, आणि सगळे एकाच वेगाने. त्यामुळे कोणीच कोणावर टेकत नाही. जमिनीवर आपल्याला जे 'वजन' जाणवते ते खरे तर पृथ्वीची ओढ नसते. ती ओढ शरीराच्या कणाकणावर सारखीच असते आणि तिची स्वतंत्र जाणीव होतच नाही. जाणवतो तो तळपायांखालच्या फरशीचा उलटा रेटा. फरशीच आपल्याबरोबर पडू लागली, की रेटा गेला आणि वजनाची जाणीवही गेली.

पडते आहे तर खाली का येत नाही, हा पुढचा प्रश्न. तो मुलांना हटकून पडतो आणि मोठ्यांनी विचारायचा सोडून दिलेला असतो. उत्तर स्थानकाच्या वेगात आहे. कुठलीही वस्तू हातातून सोडली की पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. वस्तू आडवी फेकली तरी तेवढीच खाली येते. पुढे जाण्याचा आणि खाली पडण्याचा हिशेब वेगवेगळा चालतो. आता पृथ्वी गोल आहे. तिच्या पृष्ठभागावर सरळ रेषेत आठ किलोमीटर पुढे गेले, तर जमीन त्या रेषेपासून सुमारे पाच मीटर खाली वळलेली असते. दोन आकडे शेजारी ठेवले की कोडे सुटते. एखादी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने आडवी फेकली आणि वाटेत हवा नसली, तर सेकंदभरात ती जितकी पडेल तितकीच जमीनही खाली वळलेली असेल. वस्तू पडतच राहील आणि जमिनीपासूनचे तिचे अंतर मात्र तेच राहील. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे. दीड तासात एक फेरी, दिवसाला सोळा. सुनीता विल्यम्स नऊ महिन्यांत साडेचार हजारांवर वेळा पृथ्वीभोवती पडल्या.

न्यूटनने हे चित्र एका उंच डोंगरावर ठेवलेल्या तोफेचे उदाहरण घेऊन काढून दाखवले होते. गोळा जितका वेगाने सुटेल तितका लांब जाऊन पडेल, आणि पुरेशा वेगाने सुटला तर पडता पडता पृथ्वीला फेरा घालून तोफेच्या पाठीमागे येईल. हे पुस्तक छापून आले १७२८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. प्रत्यक्षात असा गोळा फिरायला १९५७ साल उजाडावे लागले. त्याचे नाव स्पुटनिक.

चंद्राचेही तेच आहे, आकडे तेवढे वेगळे. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या साधारण ६० त्रिज्यांइतका दूर. अंतर साठपट वाढले की ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी कमी होते. जमिनीजवळ सेकंदाला ४.९ मीटर पडणारी वस्तू तिथे सेकंदाला १.४ मिलिमीटरच्या आतबाहेर पडेल. चंद्र नेमका तेवढाच पडतो. दर सेकंदाला तो सुमारे एक किलोमीटर पुढे जातो आणि सरळ रेषेपासून तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका पृथ्वीकडे झुकतो. एक किलोमीटरला दीड मिलिमीटरही नाही! एवढ्याशा झुकण्याची बेरीज होत होत २७.३ दिवसांत पूर्ण फेरा होतो. झाडावरून सुटलेले फळ आणि आकाशातला चंद्र यांना एकच नियम लागू आहे, हे म्हणण्यातले धाडस आज कळत नाही. त्या काळी आकाशाचे कायदे वेगळे आणि मातीचे वेगळे, अशीच समजूत होती.

या खेळातला दुसरा भिडू म्हणजे जडत्व. गुरुत्वाकर्षणाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, जडत्व बिचारे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपुरते उरते. वास्तविक एसटीने प्रवास केलेल्या कोणालाही ते अंगाने माहीत आहे. चालकाने करकचून ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे जातात. त्यांना कोणी ढकललेले नसते. बस थांबते आणि ते आपल्या आधीच्या वेगाने पुढे जात राहतात, इतकेच. चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही आणि आपण होऊन वळतही नाही. रोजच्या व्यवहारात हे लक्षात येत नाही, कारण इथे सगळीकडे घर्षण आहे. बैल थांबले की गाडी थांबते, पायडल सोडले की सायकल मंदावते. त्यामुळे हालचाल चालू राहायची तर कोणीतरी सतत ढकलत राहिले पाहिजे, असे माणसाला हजारो वर्षे वाटत आले. ग्रहांना ढकलतो कोण, याचा शोध मोठमोठ्या बुद्धिमान लोकांनी घेतला. केप्लरने १६०९ मध्ये ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे सांगितले, पण सूर्यातून निघणारी कसलीशी शक्ती त्यांना फिरवत पुढे रेटते, असेच त्यालाही वाटत होते. प्रश्नच चुकीचा होता. पुढे ढकलणाऱ्याची गरजच नाही. गरज आहे ती वळवणाऱ्याची.

हे समजायला गोफण पुरे. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसून ज्याने गोफण फिरवली आहे, त्याला कक्षेचे अर्धे शास्त्र येते. दगड गोल फिरतो तो दोरीच्या ओढीमुळे, आणि ही ओढ सदैव हाताच्या दिशेने, आतच असते. दोरीचे टोक सोडले की दगड कुठे जातो? हातापासून थेट बाहेर, त्रिज्येच्या दिशेने जात नाही. तो ज्या क्षणी जिकडे तोंड करून होता तिकडेच, स्पर्शरेषेवर, सरळ सुटतो. पाखरावर नेम धरायचा तर हे माहीत असावेच लागते. चंद्राची दोरी दिसत नाही, एवढाच फरक. न्यूटननेही आपल्या १६८७ च्या ग्रंथात गोफणीच्या दगडाचेच उदाहरण दिलेले आहे.

इथे एका लोकप्रिय चुकीचा समाचार घेणे भाग आहे. 'पृथ्वी चंद्राला आत ओढते, केंद्रापसारी बल त्याला बाहेर ओढते, दोन्ही सारखी म्हणून चंद्र आपल्या जागी राहतो', हे उत्तर शिकवण्यांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून सर्रास दिले जाते. ऐकायला ते मोठे समाधानकारक वाटते. पण दोन बले एकमेकांना पुरती छेदत असतील, तर चंद्रावर कसलेच बल उरले नाही. आणि ज्याच्यावर बलच नाही ती वस्तू जडत्वाप्रमाणे सरळ रेषेत निघून जाईल. चंद्र वळतो आहे, याचाच अर्थ बलांचा समतोल झालेला नाही. एकच ओढ आहे आणि ती सतत जिंकते आहे. फक्त जिंकून ती चंद्राचा वेग मारत नाही, त्याची दिशा बदलते. (चंद्राबरोबर स्वतःही फिरत बसून हिशेब मांडला तर केंद्रापसारी बल गणितात आणावे लागते, अभियंते ते आणतातही. ती त्यांची सोय आहे, चंद्राच्या न पडण्याचे कारण नव्हे.)

दोन्ही भिडूंपैकी एक काढून टाकला तर काय होईल, याचा हिशेब करता येतो. पृथ्वीची ओढ अचानक नाहीशी झाली, तर चंद्र सेकंदाला एक किलोमीटर वेगाने पृथ्वीला सोडून निघून जाईल. उलट, चंद्राचा आडवा वेग अचानक शून्य झाला, तर तो सरळ खाली येईल आणि पाच दिवस पुरे व्हायच्या आत पृथ्वीवर आदळेल. सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावणारी पृथ्वी अशीच थांबली, तर दोन महिन्यांच्या थोडे पुढेमागे सूर्यात जाऊन पडेल. म्हणजे आपण सगळे या क्षणी सूर्यात पडतोच आहोत, सेकंदाला तीन मिलिमीटर. वेग आहे म्हणून चुकते.

भास्कराचार्यांचे नाव या विषयात निघतेच, आणि निघावे. ११५० मध्ये लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात त्यांनी पृथ्वीला आकर्षणाची शक्ती आहे आणि तिच्यामुळे जड वस्तू तिच्याकडे खेचल्या जातात, असे सांगितले आहे. मग पृथ्वी स्वतः कुठे का पडत नाही, या शंकेवर त्यांचे उत्तर तर फारच मार्मिक आहे : सर्व बाजूंना सारखेच आकाश असताना ती पडणार कोणीकडे? चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. अभिमान वाटावा असाच हा वारसा. पण याच कक्षेच्या कोड्यापुरते बोलायचे तर त्या काळच्या आपल्या ज्योतिषशास्त्रात ग्रहतारे रोज फिरवण्याचे काम प्रवह नावाच्या वायूकडे दिलेले होते. पृथ्वीची ओढ होती, जडत्वाची कल्पना नव्हती. ढकलणारा लागत होताच. 'न्यूटनच्या आधी पाचशे वर्षे' असा संदेश पुढे ढकलताना ही बाब कोणी सांगत नाही; ती सांगितल्याने भास्कराचार्य काही लहान होत नाहीत.

आणि न्यूटनचेही सगळे एकट्याचे नव्हे. जडत्वाकडे जाणारी वाट गॅलिलिओने दाखवली, सरळ रेषेची बाजू देकार्तने नेमकी मांडली. ग्रहाची गती ही सरळ रेषेतली चाल आणि सूर्याकडची ओढ यांच्या मिश्रणातून समजावी, हे रॉबर्ट हूकने १६७९ मध्ये न्यूटनला पत्रातून सुचवले होते. त्याचे श्रेय द्यायची वेळ आली तेव्हा न्यूटनने हात आखडता घेतला. दोघांचे वैर हूकच्या मरणापर्यंत टिकले. मात्र सुचवणे आणि गणिताने सिद्ध करून दाखवणे यांत अंतर असते. ते न्यूटनने कापले. त्याची सुरुवात १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडले आणि तो आपल्या गावी वूल्सथॉर्पला परतला, तेव्हाच्या विचारांत होती. टाळेबंदीत सगळ्यांनाच वेळ मिळतो. उपयोग एखादाच करतो.

कक्षा म्हणजे कोरलेला रुळ नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवे. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. जवळ येताना वेग वाढतो, लांब जाताना कमी होतो, आणि या देवघेवीत एकूण हिशेब जमलेला राहतो. (आपल्याकडे सूर्य सर्वांत जवळ असतो तो ऐन थंडीत, ऋतू आसाच्या कलण्याने होतात, अंतराने नव्हेत.) सूर्याजवळचा बुध सेकंदाला सरासरी ४७ किलोमीटर पळतो. दूरच्या नेपच्यूनवर ओढच क्षीण, त्यामुळे त्याला ५.४ किलोमीटर पुरतात आणि त्याचे एक वर्ष आपल्या १६५ वर्षांचे होते. मंगळयानाच्या वेळी, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, मंगळाजवळ पोचल्यावर इंजिन सुमारे २४ मिनिटे चालवले गेले ते वेग वाढवायला नव्हे. सेकंदाला साधारण १.१ किलोमीटर वेग कमी केला, तेव्हा कुठे मंगळाची ओढ यानाला वळवू शकली. तो तसाच राहिला असता, तर यान मंगळाला बगल देऊन पुढे निघून गेले असते.

वेग हळूहळू खाल्ला गेला तर काय होते, हे आज पन्नाशी ओलांडलेल्यांना चांगले आठवत असेल. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब पडणार म्हणून गावोगाव घबराट होती. उंचावरच्या विरळ हवेने त्या स्थानकाचा वेग वर्षानुवर्षे कुरतडला होता. ते अखेर ११ जुलैला खाली आले, त्याचे तुकडे पडले पश्चिम ऑस्ट्रेलियात. चंद्राच्या वाटेत अशी हवा नाही. त्याची गोष्ट उलटी आहे. भरती-ओहोटीच्या देवघेवीतून तो दर वर्षी ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण पाडून हे अंतर आजही मोजले जाते. मंगळाचा फोबोस हा उपग्रह मात्र तशाच देवघेवीत तोट्यात आहे; तो शंभर वर्षांत जवळपास दोन मीटर मंगळाजवळ जातो आहे, आणि काही कोटी वर्षांत त्याचा निकाल लागेल.

आता माणसाकडे वळू. गुरुत्वाकर्षण आणि जडत्व, या दोघांची मोजमापे घेणारे उपकरण प्रत्येकाच्या कानाच्या आत, कवटीच्या हाडात बसवलेले आहे. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. डोके फिरवले की नलिका फिरते, द्रव जडत्वामुळे मागे राहतो, आणि त्या मागे राहण्यावरून मेंदूला डोके किती वळले ते कळते. एसटीतल्या प्रवाशांसारखेच. शेजारच्या दोन पिशव्यांत जेलीसारख्या पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. डोके कलले की खडे खाली ओढले जातात आणि 'खाली' कुठे आहे हे समजते. वयपरत्वे किंवा डोक्याला मार बसल्याने यातलेच खडे सुटून नलिकेत शिरले, की कूस बदलताना खोली गरगर फिरते. कक्षेत गेल्यावर हे खडे स्वतःच पडत असल्याने कशावरच टेकत नाहीत. डोळे एक सांगतात, कान दुसरे, म्हणून अर्ध्याहून अधिक अंतराळवीरांना पहिले काही दिवस मळमळ, उलट्या, डोके जड होणे याचा त्रास होतो. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत बसून आइन्स्टाइनच्या मनात आले होते की, मुक्तपणे पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही. त्या एका विचारातून त्याचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त उभा राहिला. कानातल्या खड्यांना तो आधीपासून ठाऊक होता म्हणायचा.

पुढचे परिणाम सावकाश होतात. रक्त आणि द्रव पायांकडून डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजरा, पाय काटकुळे. शरीराला वाटते पाणी जास्त झाले, म्हणून ते रक्तातला द्रव कमी करते. मणके एकमेकांवर दाबले जात नाहीत, त्यामुळे उंची चार-पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, पाठ दुखते. पोटऱ्या, मांड्या, पाठीचे स्नायू वापराअभावी उतरतात. खुब्याच्या आणि कण्याच्या हाडांतले खनिज महिन्याला १ ते दीड टक्क्याने कमी होते. उतारवयात वर्षभरात साधारण जेवढे जाते, तेवढे एका महिन्यात. हाडातून निघालेले कॅल्शियम लघवीवाटे जाते आणि मुतखड्याचा धोका वाढतो. हे टाळण्यासाठी स्थानकातली माणसे रोज सुमारे दोन तास व्यायामावर घालवतात. धावण्याच्या पट्ट्यावर स्वतःला ताणाच्या दोऱ्यांनी बांधून घेतात, तळपायांना रेटा मिळावा म्हणून. इतके करूनही परतल्यावर उभे राहिले की रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते, म्हणून ते स्ट्रेचर.

यात कुठेही पृथ्वीची ओढ नाहीशी झालेली नाही, ती ८९ टक्के शाबूत आहे. नाहीसा झाला आहे तो पायांखालचा आधार आणि त्याचा रेटा. आणि आधार नाहीसा करायला चारशे किलोमीटर वर जावे लागत नाही. एक खाट पुरते. आडवे झाले की शरीराचा भार गादीवर पसरतो, तो पायांच्या आणि कण्याच्या हाडांतून उभा उतरत नाही. हृदयाला रक्त वर चढवावे लागत नाही. अवकाश संस्थांना हे पक्के माहीत आहे. म्हणूनच अंतराळप्रवासाचे परिणाम जमिनीवर अभ्यासायचे असतात, तेव्हा निरोगी स्वयंसेवकांना डोक्याकडची बाजू सहा अंशांनी खाली केलेल्या पलंगावर आठवडेच्या आठवडे निजवून ठेवतात. प्रयोग म्हणून पैसे देऊन जे करतात, ते आपल्या घरांत मायेपोटी फुकट होते.

'काही नको, तुम्ही पडून राहा.' हे वाक्य मराठी घरातले सर्वांत प्रेमळ आणि कधी कधी सर्वांत घातक वाक्य असावे. ताप आला, पडून राहा. कंबर धरली, पडून राहा. छोटी शस्त्रक्रिया झाली, सूनबाई हातात ताट देईल, लेक धरून भांडे देईल, उठायचे नाव काढू नका. आजारपणात विश्रांती हवीच, पण विश्रांती म्हणजे दिवसचे दिवस आडवे पडणे नव्हे. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले होते. त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाचजण पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते त्याहून त्या तीन आठवड्यांनी अधिक केले होते, असे आढळले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस निजवून ठेवल्यावर त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस उतरले. निरोगी वृद्धांचे! न्युमोनियाने किंवा खुबा मोडल्याने आलेल्या, आधीच खंगलेल्या सत्तरीच्या बाईंचे काय होत असेल?

दोष घरच्यांचाच नाही. डॉक्टरांनीही ही सवय फार उशिरा सोडली. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला एके काळी चार-सहा आठवडे कूसही बदलू देत नसत, आणि त्यात फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून माणसे दगावत. बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तो भलताच धाडसी वाटला होता. आज साध्या कंबरदुखीला अंथरूण सांगितले जात नाही. मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर करून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करावे, असे मानले जाते. हे कागदावर झाले. गर्दीच्या सरकारी वॉर्डात ते व्हायला एक भौतिकोपचारतज्ज्ञ लागतो, एक वॉकर लागतो, ओली नसलेली फरशी लागते, आणि खाटांमध्ये वॉकर वळेल एवढी जागा लागते. औषधांच्या खरेदीवर जितकी चर्चा होते त्याच्या शतांशानेही ती या चार गोष्टींवर होत नाही. वॉकर काही महागडे यंत्र नाही. तरीही अनेक ठिकाणी तो एकतर नसतो किंवा कुलूपबंद कपाटात असतो, आणि कुलपाची किल्ली दुपारी तीनला घरी गेलेली असते.

वॉर्डात नातेवाइकांना हे समजावताना एक अडचण हमखास येते. आजोबांना उठवून बसवले आणि त्यांना चक्कर आली, की सगळे घाबरून त्यांना पुन्हा निजवतात आणि 'बघा, अजून ताकद नाही' म्हणतात. ती चक्कर म्हणजे समुद्रातून काढलेल्या अंतराळवीराला येते तीच. पडून राहिल्याने रक्तातला द्रव कमी झालेला असतो, पायांच्या रक्तवाहिन्या आवळण्याचे विसरलेल्या असतात. ती न उठण्याचे कारण नसते. बहुतेक वेळा न उठण्याचा परिणाम असतो. अर्थात ताजा झटका, अस्थिर मणका, वाहता रक्तस्राव अशा काही अवस्थांत झोपवूनच ठेवावे लागते, आणि ते उपचार करणारे डॉक्टर स्पष्ट सांगतात. तसे सांगितलेले नसेल तर विचारावे : यांना आज उठवून बसवू का?

बसवताना घाई नको. आधी पाठ टेकवून अर्धवट बसते करावे, मग पाय खाटेवरून खाली सोडावेत, आणि तळपाय फरशीला पूर्ण टेकतील असे पाहावे. खाट उंच असेल तर खाली पाट ठेवावा. दोन-तीन मिनिटे तसेच बसू द्यावे. घोटे वरखाली हलवायला सांगावे. डोळ्यांपुढे अंधारी आली नाही तर दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उभे करावे, चपला निसरड्या नसाव्यात. पहिल्या दिवशी खाटेपासून खिडकीपर्यंत पुरे. दुसऱ्या दिवशी संडासापर्यंत.